एक्क्याऐंशी सेंटिमीटर

मंगळवार, ६ मार्च २००७

आज एलेनाला मापलं. माझी भाची, दोन वर्षं भरत आलीत. मापाच्या फळीवर आडवी केली, टाचा धरल्या — ७६. आरोग्य केंद्राच्या वहीत या वयाला रेघ ८० ची. त्याखालच्या पोरांची नावं यादीत, मग केंद्राकडून पिठाची पिशवी, खाली नेबाख शहरात डॉक्टर.

दादा दारात होता. गावचा सुतार तोच. फळीही त्यानंच करून दिलेली. 'यादी' ऐकलं आणि वहिनीच्या थोबाडीत मारली — पोरीला आणली म्हणून. मग माझे केस धरले.

"बाबांचं नाव यादीतच होतं, काता. रेघेच्या वर लिही."

लढाईच्या दिवसांत सैनिक बाबांना घेऊन गेले तेव्हा दादा नऊ वर्षांचा, मी चार. बाबा परत आले नाहीत.

लिहिलं. ८१.

बुधवार, ७ मार्च

वहिनीचा गाल सुजलाय. तरी म्हणते, "वन्सं, तुमच्या दादाचं डोकं तरी कुठं दाराच्या चौकटीला लागतं?" दोघी हसलो. पोरीला कॉफीत मक्याची तोर्तिया बुडवून भरवली. एवढंच होतं.

उद्या दादा रानात गेला की पुन्हा मापायचं. खरं लिहायचं.

गुरुवार, ८ मार्च

दादा मधूनच परतला. कुऱ्हाडीनं फळी फोडली — चार घाव. पाचवा उलट्या कुऱ्हाडीचा, माझ्या मनगटावर. वही पोलक्याच्या आत होती. सापडली नाही.

रविवार, ११ मार्च

डाव्या हातानं लिहितेय.

शनिवार, १७ मार्च

एलेनाला चार दिवस जुलाब. डोळे खोल गेलेत. नेबाखला नेऊ म्हटलं तर दादानं लाथ घातली. तिथंही नाव लिहून घेतात म्हणे.

८१ खोडायचं, ७६ लिहायचं, वही केंद्रात पाठवायची — रोज ठरवते. नाव यादीत असतं तर केंद्राचीच माणसं आली असती तिला न्यायला. खोडलं नाही. भ्यायले.

सोमवार, १९ मार्च

गेली. पहाटे.

दादानं आधी वहिनीला मारलं. मग भिंतीवर डोकं आपटत राहिला, रक्त येईपर्यंत. मग पुरायच्या पेटीसाठी फळ्या काढल्या. पोरीला हात लावेना.

"वहीत आहे ना माप? वाच."

७६ ओठांवर आलं होतं. वहिनी जमिनीवर पडलेली, तोंडातून रक्त. मी वहीत होतं ते वाचलं.

"एक्क्याऐंशी."

मंगळवार, २० मार्च

पेटी करताना दादा नेहमी मापावर दोन बोटं वाढीव धरतो. पेटीत पायाशी पाच उरली. त्यानं तिथं हात घातला. अख्खा पंजा बसला.

माझ्याकडे बघितलं. हात काढेना.