टायरच्या दुकानावरची खोली

३ मार्च, शुक्रवार

आला! आमच्या लाडक्या बँडवरच्या माहितीपटाचा पहिला भाग आला! धाकटी गिऱ्हाइकांना उद्या या सांगून, पार्लरला कुलूप लावून पळत घरी आली. माझी बहीण, जी तापातसुद्धा गिऱ्हाईक सोडत नाही! "ताई, फोनवर नको, टीव्हीवर लाव, टीव्हीवर!"

कॉलेजपासून ज्या बँडची गाणी पाठ केली, त्यांचे अगदी सुरुवातीचे दिवस. कुणीतरी साध्या कॅमेऱ्यावर टिपून ठेवलेले. टायरच्या दुकानावरची खोली. कीबोर्ड चक्क इस्त्रीच्या टेबलावर. ड्रमरच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला. आणि आमची गायिका, जिच्यासाठी मैदानं भरतात, ती भिंतीकडे तोंड करून गातेय. का, तर लाज वाटते म्हणून!

धाकटी किंचाळली. मीही किंचाळले. म्हणजे तोंड उघडलं. घशातून नुसता वारा आला.

४ मार्च, शनिवार

दिवसभर पार्सल खोलीत. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर एक स्वरतंतू हलायचा थांबला, तेव्हापासून इथेच बसते. त्याआधी सगळ्या बसस्थानकावर माझा आवाज असायचा. मुलं माझी नक्कल करायची — "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" — नाकातून, वरच्या पट्टीत. मला राग यायचा. आता कुणी करत नाही.

माईकवर सध्या यंत्राचा आवाज लावलाय. गाडी तासभर उशिरा असली तरी त्याला कणभर वाईट वाटत नाही.

कंट्रोलरसाहेब डोकावून गेले. "बाई, घाई नाही हं." भला माणूस. पण हे वाक्य ऐकलं की वाटतं, माईक आता परत मिळायचा नाही.

१० मार्च, शुक्रवार

दुसरा भाग पार्लरमध्येच पाहिला. चाहत्यांचा मेळाच भरला होता! एक शाळेतल्या बाई, केसांना रंग लावून बसलेल्या. एक नवरी मुलगी, एकच भुवई कोरून झालेली. तिची दुसरी भुवई धाकटी विसरूनच गेली.

गायिका वरचा सूर लावायला जाते आणि आवाज फाटतो. पुन्हा. पुन्हा. शेवटी ती खाली बसते, गुडघ्यांत तोंड घालून.

शाळेतल्या बाई भडकल्या. "हे कशाला दाखवायचं? माझ्या मनात ती वेगळी होती!"

"अहो, मला तर ती आत्ता खरी आवडायला लागली," नवरी म्हणाली. जुंपलीच दोघींची!

तेवढ्यात पडद्यावर गिटारवाला म्हणाला, "नाही ना लागत सूर? मग राहू दे. गाणंच खाली आणू."

आणि ती खालून गायली. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची ती सुरुवात! आम्हाला झोपेतही येते ती! मला वाटायचं, केवढा विचार करून बांधली असेल ती चाल. आणि ती अशी, वर जमत नाही म्हणून झालेली. अंगावर काटा आला.

शाळेतल्या बाई ढसाढसा रडत होत्या. रंग धुवायची वेळ कधीच टळून गेलेली. कपाळ आणि दोन्ही कान लालभडक! धाकटीने घासून घासून पाहिलं. "आता मुलांना काय सांगू?" म्हणाल्या आणि स्वतःच हसत सुटल्या.

१३ मार्च, सोमवार

आवाजाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या पहिल्या दिवसापासून एकच सांगतायत, "जुन्या आवाजाच्या मागे धावू नका. मानेच्या शिरा ताणताय. खाली या." मला वाटायचं, या मला नाद सोडा म्हणतायत.

आज त्यांना तो तुकडा दाखवला. खुर्ची ओढून बघत बसल्या. "अहो हेच! मी वेगळं काय सांगत होते?"

मग मी खाली आले. "अं." जाडा, खरखरीत. पण आवाज! वारा नाही! दचकून मागे पाहिलं.

१४ मार्च, मंगळवार

आज तोही आला नाही. छे!

१७ मार्च, शुक्रवार

तिसरा भाग. त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग. गायिका स्वतःचा आवाज ऐकते आणि कानांवर हात ठेवते. "ही मी नाहीये." ड्रमर चपला शोधत म्हणतो, "आता आहेस."

काय माणसं! एकमेकांना गोंजारत बसली नाहीत. चहा प्यायली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

२० मार्च, सोमवार

आठवडाभर बाथरूममध्ये गाड्यांची नावं म्हणतेय, खालच्या पट्टीत. आवाज टिकतोय. आज धाकटीने माझी जुनी घोषणा मोबाईलवर लावली, तिला वाटलं मला बरं वाटेल. किती सुंदर बोलायचे मी! पोटभर रडले. धाकटीही रडली. मग तिने ती घोषणा मोबाईलवरून काढून टाकली का, विचारलं नाही.

२४ मार्च, शुक्रवार

कंट्रोलरसाहेबांकडे स्वतःहून गेले. "सोमवारी एकदा माईक द्या."

त्यांनी हातातलं वेळापत्रक खाली ठेवलं. "बाई, हा तुमचा आवाज?"

"हो. आता हाच."

२७ मार्च, सोमवार

सकाळची पहिली गाडी मी पुकारली. आवाज शेवटपर्यंत टिकला.

वरच्या माईकच्या खोलीतून खाली आले तर बाकावरच्या एका आजोबांनी विचारलं, "नवीन बाई आल्यात वाटतं? बऱ्या बोलतात."

"हो आजोबा," मी म्हटलं. "आजच रुजू झाल्यात."