माणशी एक बादली

३ फेब्रुवारी, सकाळी
पाण्याचं बिल आलं. मागच्या महिन्याच्या दुप्पट. अख्ख्या गल्लीत आमचंच सगळ्यात मोठं असणार. शांतपणे वाचलं. मी मुळात शांत माणूस. आमच्या बारांकिया शहरातल्या रिंगमध्ये बॉक्सिंगचा पंच म्हणून आयुष्य गेलं. चिडका माणूस पंच होऊच शकत नाही. बायको, नूबिया, म्हणते, बिल वाचून मी फ्रिजला बुक्की मारली. बुक्की नव्हती. हात जरा जोरात टेकवला. दाराला खड्डा पडलाय, पण दार लागतं.
संकल्प: मार्चचं बिल अर्ध्यावर.

४ फेब्रुवारी
दोष कुणाचा ते उघड आहे. नूबिया दिवसातून तीनदा अंघोळ करते. सासूबाई, म्हणजे डोन्या तुलिया, रोज सकाळी पाइप लावून ओटा धुतात, मग फुटपाथ, मग शेजारच्या एफ्राइनचाही फुटपाथ. या उकाड्यात सगळेच धुतात म्हणे. सगळे फाउल करतात म्हणून फाउल माफ होत नाही.
सुरी घेऊन पाइपचे तुकडे केले. दुसरं टोक सासूबाईंनी सोडलं नाही, म्हणून त्यांच्या तळहाताला कापलं. मला जनावर म्हणाल्या. ऐकून घेतलं. खुर्ची फेकली ती भिंतीवर, कुणाच्या अंगावर नाही.

६ फेब्रुवारी
पेपरात युक्ती आली होती: फ्लशच्या टाकीत वीट ठेवा, दर वेळी तेवढं पाणी वाचतं. वीट बसेना. ती बाहेर काढून फोडायची, हे नूबियाने नंतर सांगितलं. मी आतच हातोडा घातला. टाकी दुभंगली. एक धारदार तुकडा माझ्या पोटरीत. न्हाणीघरभर पाणी आणि पाण्यात रक्त. दवाखान्यात टाके पडले. डॉक्टरने विचारलं, मारामारी झाली का. म्हटलं, हो, पण समोरचा आडवा झाला. तो हसला नाही. अलीकडच्या पोरांना विनोद कळत नाही.
नवी टाकी आणावी लागली. पुढचा विचार केला तर फायदाच.

९ फेब्रुवारी
नियम जाहीर केले. शॉवर बंद. माणशी एक बादली. वॉशिंग मशीनचं शेवटचं पाणी फरशी पुसायला. भांडी घासताना नळ बंद. दोन नळांचे वायसर स्वतः बदलले. तिसऱ्याची मान पिरगाळली गेली, तो आता चिंधीने बांधलाय. एकंदर वातावरण चांगलं. जेवताना कुणी बोललं नाही, म्हणजे विरोध नाही.

११ फेब्रुवारी, दुपारी
शॉवरचा आवाज आला. बाहेर उभा राहून मोजायला लागलो, पंचाची सवय. हाक मारली. दार ठोठावलं. आतून नूबियाने सांगितलं, डोक्याला साबण आहे, येते. मग लाथ मारली. कडी उखडली आणि दार आत गेलं. ती दाराशीच होती. भुवई फुटली.
भुवईचं रक्त दिसतं फार, जखम तेवढी नसते. रिंगमध्ये कितीदा पाहिलंय. टॉवेल दाबून धरायला गेलो तर माझा हात झटकला. एवढंच म्हणाली, "मला हात लावू नकोस, अनिबाल."
आवाज खालचा होता. म्हणजे फार रागावलेली नाही. आणि लाथ मी दाराला मारली. तिला लागलं ते दार. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१५ फेब्रुवारी
यश! मीटर मंदावला. घरात शिस्त आली. सकाळी भरून ठेवलेल्या बादल्या संध्याकाळी तशाच. मायलेकी एका बादलीतही बचत करतायत. मलासुद्धा हे जमलं नसतं. रोज जेवणाआधी दोघी पिशवी घेऊन बाहेर जातात. परत येतात तेव्हा नूबियाचे केस ओले असतात. घाम फार येतो हल्ली.
एफ्राइन फ्रिजदुरुस्तीचं काम करतो, बायको-पोरांचा माणूस. त्याला कुंपणावरून माझी पद्धत समजावून सांगितली. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. प्रभावित झाला असावा.

२० फेब्रुवारी, कार्निव्हलचा सोमवार
डाव्या हाताने लिहितोय.
रस्त्यावर पोरांनी पीठ आणि फेस फासून मला पांढराफटक केलं. घरी आलो, घरात कुणी नाही. मागच्या बाजूला गेलो तर आमच्या चादरी एफ्राइनच्या दोरीवर. आणि त्याच्या न्हाणीघरातून नूबियाचा गाण्याचा आवाज. तिला गाताना मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.
पान्हा घेऊन गेलो. बोलायलाच गेलो होतो. एफ्राइन अंगणातल्या नळाशी उभा होता. त्याने सांगितलं, घरी जा, अंघोळ कर, डोकं थंड झालं की बोलू. अंघोळ कर! मी पान्हा नळावर मारला. नळ तुटला, पाणी उडालं. पुन्हा उचलला तेव्हा त्याने मध्ये हात घातला. त्याची बोटं मोडल्याचा आवाज मला पाण्याच्या आवाजातही ऐकू आला. त्याची बायको किंचाळली. मग त्याने दुसऱ्या हाताने मला एकच मारली. ठोसा सरळ होता, नियमात बसणारा. पडताना माझं मनगट गेलं, एक दात गेला. वर पाहिलं तर नूबिया टॉवेल गुंडाळून दारात उभी. मला वाटलं, धावत येईल. ती एफ्राइनकडे गेली.
निकाल: बरोबरी.

२२ फेब्रुवारी
नूबिया आणि सासूबाई सोलेदाद गावी, नूबियाच्या बहिणीकडे गेल्या. थोडा बदल हवा होता त्यांना. जाताना कपाट रिकामं केलं. इतके कपडे लागतात का? एफ्राइनने पोलिसांत तक्रार दिली नाही. माझी बाजू त्याला पटली असणार.

१४ मार्च
बिल आलं. अर्ध्याहून खाली! ठरवलं ते करून दाखवलं. कुणाला तरी दाखवायला हवं, म्हणून एफ्राइनच्या फाटकाशी गेलो. त्याच्या हाताला अजून प्लास्टर आहे. फाटक उघडलं नाही, पण बिल घेतलं, नीट वाचलं. परत देताना म्हणाला, "घरात एकटाच आहेस तू. एकट्याला एवढं तरी कसं आलं?"
घरी येऊन सगळे नळ बंद केले. बाहेर फुटपाथवर मीटरचं झाकण उघडून बसलो. बारीक काटा फिरत होता. घाईने नाही, पण थांबतही नव्हता. आत येऊन फरशीला कान लावला. स्वयंपाकघराखाली कुठेतरी पाइप फुटलाय. तिथून पाणी जातंय, केव्हापासून कोण जाणे. हे पहिल्याच दिवशी बघता आलं असतं.
हातोडा काढला. परत ठेवला. मनगट दुखत होतं.
नूबियाला फोन केला. बहिणीने घेतला. सांगितलं, लीक सापडला, तिचा दोष नव्हता, तिला फोन दे. बहीण म्हणाली, ती अंघोळ करतेय. किती वेळ लागेल, मी विचारलं.
"तिला हवा तेवढा."
मी म्हटलं, थांबतो. पण तिने फोन ठेवला होता.