खाज होती म्हणून वाचलो

ऊर्जानगर

सीताबाई,
भावाचा जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? मी आता बरा आहो.

‘आता’ लिहिलं, कारण खोटं बोललो होतो. तुझ्या नातवाच्या नामकरणाले सुट्टी नव्हती असं नाई. हाताले लाल चट्टे आले होते. वाटलं, आपल्या आज्याले होता तोच महारोग. लेकराले हात कसा लावू? कोणाले दिसू नये म्हणून डेपोत बस धुवायचे रबरी हातमोजे दिवसभर घालून राहो. चट्टे वाढतच गेले.

शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईने चट्ट्यावर कापूस फिरवला. “काका, कळते का?”

“कळते ना बाई! खाजवून जीव जाते.”

ती हसली. “मंग तो रोग नाई. त्याचा चट्टा बधिर राहते.” मोज्याचा तुकडा दोन दिवस पाठीवर चिकटवून ठेवला, तर तिथंही लाल! रबरातलं केमिकल मले सोसत नाई म्हणे. पाह्य ना, चोरालेच राखणीले बसवलं होतं मी.

आता बिनरबराचे मोजे घालतो, मलम लावतो. हात साफ झाले.

रविवारच्या गाडीने वडस्याले येतो. नातवाले झोपवू नको. आल्याबरोबर उचलून घेणार आहो.

तुझा भाऊ
हरिदास