कड्यावर उतरण्याआधीची निरवानिरव

मी, घरी बाळ्या आणि कापडछपाईच्या ठशांच्या कारखान्यात काडेपेटी म्हणून ओळखला जाणारा, वय बावीस, धंदा झाडाफुलांची चित्रे काढणे, शिक्षण अर्धवट, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही की काही पाजलेले नाही. मला फक्त भीती वाटते आहे, आणि घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र त्या कारणाने रद्द होत नाही, असे खालच्या मजल्यावरच्या दस्त लिहिणाऱ्या काकांनी सांगितले आहे.

कारण असे. आमच्या कापडावर फक्त इथल्या मातीतले झाड उमटते आणि रंगही इथल्याच साली-मुळांचा असतो. मालकीणबाईंचा नियम आहे की चित्रासाठी फूल तोडायचे नाही, फोटोवरून काढायचे नाही. झाड उभे आहे तिथे जाऊन काढायचे. खाणीच्या कड्यावर, मधोमध, एक झुडूप फुलले आहे. ते आम्हाला दुसरीकडे कुठेही सापडलेले नाही. मुळे खडकाच्या फटीत, त्यामुळे उपटून आणता येत नाही. बी धरायला अजून वेळ आहे. आणि पुढच्या आठवड्यात रस्त्यासाठी तो कडा सुरुंगाने उडवणार आहेत. दुर्बिणीतून फुलाचे तोंड दिसते. पाठ दिसत नाही.

कारखान्यात नक्षी मांडणारी आणि रंग उकळणारी एक मुलगी आहे (यापुढे उल्लेख 'ती' असा, घरच्यांनी चौकश्या करू नयेत). ती म्हणाली, "पाठ दिसल्याशिवाय मी ठसा कोरायला देणार नाही. देठ कुठे बिलगतो तेच माहीत नाही, आणि लोकांनी ते अंगावर घालायचं?"

मी सगळ्यांसमोर बोलून बसलो, "मग मी उतरतो."

कोणीही नको म्हणाले नाही. ठसे कोरणारे अण्णा एवढेच म्हणाले, "घ्या. पेटली."

उद्या सकाळी उतरायचे आहे. सबब खालीलप्रमाणे व्यवस्था.

एक. घरातला माझा हिस्सा म्हणजे जिन्याखालची खोली. ती आईला. बाबांनी तिथे लगेच जुनी खुर्ची आणून ठेवू नये. निदान महिनाभर थांबावे. "फुलं काढून पोट भरतं का?" असे ते जेवताना विचारत आणि मी ताटावरून उठत असे. पण आईने माझे ताट झाकून ठेवले नाही असे कधी झाले नाही, म्हणून खोली आईला.

दोन. कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना काहीही नाही. "फूल आहे त्याहून देखणं काढतोस," असे ते वर्गात म्हणाले, मुली हसल्या, मी पिशवी उचलली आणि परत गेलो नाही. त्यांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. शोकसभा कोणी घेईल असे नाही, तरी लिहून ठेवलेले बरे.

तीन. माझी सायकल दाजींना. दाजी उंच इमारतींना दोरावर लोंबकळून रंग देतात आणि उद्या माझा दोर त्यांच्याच हातात आहे. ताईचे त्यांच्याशी ठरले तेव्हा मी त्यांना तोंडावर 'लोंबकळू' म्हटले होते. सायकल ही लाच समजू नये. समजली तरी चालेल.

काल त्यांच्याबरोबर कड्याच्या तोंडाशी जाऊन आलो. पायाने एक खडा ढकलला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही. दाजी म्हणाले, "वारं उलटं आहे रे, म्हणून ऐकू आला नाही." तेव्हापासून मी त्या आवाजाची वाट बघतो आहे. जेवताना, अंघोळ करताना, आत्ता हे लिहिताना. माझ्या दोन केसांच्या ब्रशने मी पानाची शीर न थरथरता ओढतो. आज सकाळपासून एक रेघ सरळ आलेली नाही.

दोर तुटला किंवा सुटला तर दाजींना कोणी जाब विचारू नये. ताईने तर मुळीच नाही.

चार. मला गुंडाळायला नवे कापड वापरू नये. माळ्यावर ठसा घसरलेल्या कापडाचा गठ्ठा पडून आहे, त्यातले घ्यावे. चांगले कापड मातीत घालायला आम्ही एवढ्या साली उकळल्या नाहीत.

पाच. वही खाणीच्या तळाच्या पाण्यात सापडली तर आधी सुकवावी, मग उघडावी. फुलाची पाठ अर्धीच निघाली असेल तर ती अंदाजाने कोणी पुरी करू नये.

सहा. माझे भिंग, ब्रश आणि आजवरची सगळी चित्रे तिला. त्यांतल्या प्रत्येकात एक तरी पान किड्याने कुरतडलेले आहे. असली पाने आपल्याला फार आवडतात, असे ती एकदा चहा गाळता गाळता म्हणाली होती. सगळ्याच झाडांना कीड कशी लागली, हे तिने दोन वर्षांत विचारले नाही. आता विचारू नये.

पुरवणी. साक्षीदार म्हणून अण्णांनी सही केली. आईला आणि दाजींना काही ना काही दिलेले, बाबांना आणि ताईला हे कळू द्यायचे नाही, त्यामुळे दुसरा साक्षीदार मिळेना. तेवढ्यात ती वर आली आणि माझ्या खांद्यावरून हे सगळे वाचले.

"मी ठशाचं बोलले होते," ती म्हणाली. "तू उतर असं म्हटलं नव्हतं."

"मग नको उतरू?"

ती खिडकीतून खाणीकडे बघत राहिली. "पाठ दिसायला तर हवी रे," ती म्हणाली. मग हात पुढे केला. "आण इकडे. दुसरी सही मी करते."

"अगं, साक्षीदार झालीस तर तुला दिलेलं तुला मिळत नाही. कायदा आहे तसा. काकांनी बजावून सांगितलंय."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि सही केली.

ठिकाण: कारखान्याची माडी, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: उतरण्याच्या आदला दिवस, दुपार.

लिहून ठेवणार: काडेपेटी (सही)
साक्षीदार पहिला: अण्णा, ठसे कोरणारे (सही)
साक्षीदार दुसरी: ती (सही)

टीप: दुसरी सही वेडीवाकडी आणि शेवटी कागदाबाहेर गेलेली आहे. ती तिचीच आहे. तिने ती माझ्यासमोर केली. पुढे कोणी ती खोटी ठरवू नये.