सातवं भोक

९ जानेवारी २००२, बुधवार

पुन्हा सातवं भोक! हळदीच्या पॉलिश-ड्रमला सात आरे, म्हणून फ्लँजच्या गोल लोखंडी चकतीला सात भोकं. बापानं शिकवलेली रीत — वर्तुळात त्रिकोण काढायचा, त्याच्या अर्ध्या बाजूएवढा परकार उघडायचा, सात भाग पडतात. पडतात खरे, पण शेवटचं अंतर दोन मिलिमीटर जास्तच निघतं. मग सातवं भोक कानशीनं लंबट करायचं अन् बोल्ट ठोकायचा. वीस वर्षं झाली, कोणाला पत्ता नाही.

घरी बोलून बसलो, तीच चूक. ज्योती अकरावीला सायन्स शिकून राहिली ना! आज डब्यासोबत कागद — नुसते आकडे. "बाबा, यानं बराबर भागतंय." लेकराच्या आकड्यांनी लोखंड कापतं होय? हात पुसले अन् दिला टाकून.

११ जानेवारी

धर्मसिंगशेठनं नवा फिटर आणला. प्रज्ञेश. आयटीआय झालेला, इस्त्रीचा शर्ट. जागा कुठं दिली? माझ्याच बाकड्याशेजारी! संध्याकाळी स्वतः झाडू घेऊन दोन्ही बाकडी झाडली. नाटकं सगळी.

१५ जानेवारी

अंगाचा तिळपापड झालाय. लिहूनच टाकतो.

प्रज्ञेशला सात भोकांची फ्लँज दिली शेठनं. भोकांच्या वर्तुळाचा व्यास तीनशे मिलिमीटर. पठ्ठ्यानं ना त्रिकोण काढला, ना काही. खिशात डोकावला अन् म्हणाला, एकशेऐंशीला सातानं भागा, त्या कोनाचा साइन घ्या, व्यासानं गुणा — एकशेतीस पूर्णांक दोन. माझ्या रीतीनं एकशेतीसही पुरतं भरत नाही. परकार फिरवला. सातव्या पावलाला टोक पहिल्या खुणेत जाऊन बसलं! कानशीला हात लावला नाही.

शेठ खूश. "वाह! कहाँ से सीखा?"

तर माझ्याकडं बोट करून म्हणतो कसा — "मिस्त्रीचंच हाय हे."

वेल्डिंगवाला नेमसिंग फिस्सकन हसला. चारचौघांत माझी टिंगल! कालचं पोरगं!

१६ जानेवारी

डबा तसाच परत नेला.

२२ जानेवारी

कळमनुरीला शेठ नवा कारखाना टाकतायत. तिथं मोठा मिस्त्री पाहिजे. "बघू संतराम, तू किंवा प्रज्ञेश." वीस वर्षं या कारखान्यात घासली, अन् आता "किंवा"!

खरं सांगायचं तर मी जळतो त्याच्यावर. हातावर नाही, हात माझाच चांगला. पण त्या खिशावर जळतो. आठ भोकं असोत की पाच, खिशातला कागद काढतो, बघतो, घडी घालून जपून ठेवतो. आयटीआयचं गुपित असणार. मला कुणी का नाही दिलं असलं काही? आज विचारायचं मनात आलं होतं. तोच आला चहा घेऊन — "मिस्त्री, तकलीफ न्हाई ना माझी?" गोड बोलून राहिला!

२८ जानेवारी

शेठच्या खोलीत गेलो. सांगितलं — "प्रज्ञेश तुमचं गिऱ्हाईक फोडून राहिला. स्वतःचं दुकान टाकायचं म्हणतो." साफ खोटं. आवाज जरासुद्धा हलला नाही माझा.

३१ जानेवारी

कळमनुरी मला! प्रज्ञेशला उद्यापासून सुट्टी. "काहून?" एवढंच विचारलं त्यानं. शेठनं हिशेबाची वही उघडली. मी कानस उचलून बाकड्याकडं वळलो.

घरी सांगितलं तर ज्योती उड्या मारायला लागली. "बाबा, माझा कागद कामाला आला का?" व्हय म्हणून टाकलं. आज जेवलो पोटभर.

१ फेब्रुवारी

प्रज्ञेश हिशेब घ्यायला आला होता. जाताना माझ्या बाकड्यापाशी थांबला. खिशातला कागद काढून माझ्या हातात दिला.

"तुमचा हाय मिस्त्री. पहिल्या दिवशी झाडताना तुमच्या बाकड्याखाली सापडला. सारं ह्याच्यावरच शिकलो. सांगितलं तर व्हतं सगळ्यांसमोर, तुमचंच हाय म्हणून."

ज्योतीचं अक्षर. मधोमध माझा तेलकट अंगठा.