इस्त्रीच्या खोलीतली आत्मिक लिपी

आदरणीय आत्या यांस,

तुमच्या थोरल्या, म्हणजे तुमच्या मते वाया गेलेल्या भाच्याचा सप्रेम सलाम. गुडघा कसा आहे? कानातल्या यंत्राची बॅटरी बदललीत, की अजून मी फोनवर एक विचारतो आणि तुम्ही भलत्याच प्रश्नाचं उत्तर देता? (म्हणूनच पत्र लिहितोय. पत्राला "काय? काय?" करता येत नाही.) इकडे सगळे ठीक. तुमच्या भाचेसुनेचा खोकला गेला, माझा रक्तदाब वाढला, आणि तो का वाढला हे सांगायलाच एवढे कागद काढलेत. पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसा, कारण तुमचाही वाढणार आहे.

मंडळीला यंदा ऐंशी वर्षं होतात. तुम्ही सेहेचाळीस वर्षांत तिची पायरी चढला नाहीत, पण तिथल्या बातम्या तुम्हाला माझ्याआधी कळतात, तेव्हा दगडाचं कानावर आलंच असेल. दाराशी काळा दगड बसवणार आहेत. त्यावर "या पेंटेकॉस्टल मंडळीचे संस्थापक" आणि खाली नाव कुणाचं? ठेकेदाराचं! ज्या माणसाने तीन वर्षांनी छपराला पत्रे दिले, तेही दुसऱ्या कामावरून उरलेले, तेही भोकांसकट, तो संस्थापक! आणि लोकांचे कपडे इस्त्री करणारी आमची आजी, म्हणजे तुमची आई, जिच्या इस्त्रीच्या खोलीत, इस्त्रीच्याच टेबलाभोवती पहिली प्रार्थना झाली, ती कुठे? कुठेच नाही. मी सभेत उठलो आणि बोललो. आत्ताचे चिटणीस (ठेकेदाराचे नातू, दुसरं कोण असणार!) गोड हसले आणि म्हणाले, "काका, भावना कळतात, पण कागद दाखवा." आत्या, मला! पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हा कालचा गृहस्थ कागद मागतो! तळपायाची आग मस्तकात गेली. दाखवतो म्हटलं. दगड कोरणारा पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी छिन्नी लावणार आहे, तोवर मुदत.

आता आपल्याकडे कागद कुठून येणार? तुम्हीच आठवा, आपल्या जुन्या मंडळींची समजूत काय होती. प्रभू परत येणार आणि जग संपणार, तेही येत्या वर्षात, फार तर पुढच्या. मग हजेरी कशाला, इतिवृत्त कशाला, कपाटाला कुलूप तरी कशाला? एका वर्षाचं तर कॅलेंडरसुद्धा अर्धंच आणलं होतं म्हणे. दुसऱ्या जुन्या चर्चवाल्यांकडे जाऊन बघा, त्यांच्याकडे दीडशे वर्षांपूर्वी घंटेच्या दोरीला किती पैसे पडले ते लिहिलेलं सापडतं. आपल्याकडे जागृतीच्या, गावोगाव लोक प्रभूकडे वळले त्या अख्ख्या काळाचा हिशेब एका ओळीत आहे: "पुष्कळ आत्मे वाचले." किती? कुठले? कुठल्या तारखेला? पार्सल ऑफिसात कुणी "पुष्कळ गठ्ठे आले" असं लिहिलं असतं तर त्याला त्याच दिवशी घरी बसवला असता.

म्हणून मी धर्मशास्त्र महाविद्यालयाच्या अभिलेखागारात गेलो. (जुने कागद ठेवायची खोली. नाव मोठं, खिडकी एक.) तिथे एक बाई आहेत. त्यांचं नाव मी मनातल्या मनात हातमोजेबाई ठेवलंय. आधी त्यांनी माझं पेन काढून घेतलं, मग पिशवी, मग डबा, मग ओळखीचं पत्र मागितलं. ते पत्र कुणाचं हवं? मंडळीच्या चिटणीसांचं! म्हणजे ज्याच्या विरुद्ध पुरावा शोधायचा त्याचीच चिठ्ठी घेऊन यायची. चार दिवस मी त्यांच्या टेबलासमोर ठिय्या दिला, तेव्हा कुठे पाळकसाहेबांच्या सहीवर भागलं. मग मिळाले पांढरे हातमोजे, एकाच मापाचे, बहुधा एखाद्या शाळकरी मुलीच्या. माझी बोटं अर्धीच आत गेली. तशा हातांनी मी तीन दिवस पानं उलटली.

सूची बघायला गेलो तर "पेंटेकॉस्टल" असा खणच नाही! जुन्या चर्चांना भिंतभर कपाटं, आणि आपण "इतर व किरकोळ" या एका खणात, आपल्या आधी इमारतीचे नकाशे आणि नंतर वाळवीच्या औषधाची पत्रकं. मी हातमोजेबाईंना विचारलं की बाई, जगात एवढी कोट्यवधी माणसं आमची, ती किरकोळ कशी? त्या म्हणाल्या की तुमची मंडळी कागद जमा करत नाहीत, त्याला आम्ही काय करणार. (मला उत्तर बसस्टॉपवर सुचलं, पण तोवर अभिलेखागार बंद झालं होतं.)

त्या खणात एक जुनं मासिक पत्रक होतं, आपल्या सगळ्या मंडळ्यांच्या साक्षी छापणारं. आता मात्र आजी सापडणार अशी माझी खात्री झाली, आणि सापडलीही. पण कशी, ते ऐका आणि पाणी प्या. सगळ्या पुरुषांची नावं नीट छापलेली, हुद्द्यासकट, गावासकट. आणि बायका? "एक बहीण लिहिते." "एका बहिणीस आत्म्याचा बाप्तिस्मा झाला." "एका बहिणीच्या कामाच्या खोलीत सात जणी जमल्या, इस्त्र्या थंड होईपर्यंत प्रार्थना चालली." आमचीच खोली, आमच्याच इस्त्र्या, आणि ती एक बहीण! इस्त्र्यांना नाव आहे, आजीला नाही! अहो, त्याच अंकात एका भावाच्या बऱ्या झालेल्या बैलाचंसुद्धा नाव दिलंय. मी इतक्या जोरात "अरे वा रे वा" म्हणालो की हातमोजेबाईंनी मला "शांतता राखा"ची पाटी बोटाने दाखवली. त्याची झेरॉक्स घेऊन मी चिटणीसांकडे गेलो, तर ते म्हणाले, यात तुमच्या आजींचं नाव कुठंय? कपड्यांना इस्त्री काय एकाच बाईच्या घरी होती? मी हात टेकले.

आणि मग, आत्या, परवा ते पान निघालं. जुने पाळक वारल्यावर त्यांचा पत्र्याचा डबा त्या अभिलेखागारात जमा झाला होता. त्यात एकच सुटं पान, वहीतलं, एक कड जळालेली. मागच्या बाजूला जुन्या पाळकांच्या हातच्या पेन्सिलीने दोन ओळी, त्यांचं नंतर बघू. पुढच्या बाजूला नुसत्या खुणा: फुल्या, टिंबं, त्रिकोण, शिडी, अर्धा चंद्र. सूचीत नोंद काय, तर "अन्य भाषेतील आत्मप्रेरित लेखन, लिपी अज्ञात. कड जळालेली, बहुधा छळाच्या काळात." एका प्राध्यापकांनी त्यावर मोठं व्याख्यान दिलंय आणि पुस्तक छपाईला गेलंय. त्यांच्या मते पहिल्या जागृतीत आत्मा उतरल्यावर आपल्या लोकांना बोलायला नुसत्या अनोळखी भाषा नाही, तर स्वर्गीय लिपीसुद्धा मिळाली, आणि शिडीची खूण म्हणजे याकोबाने स्वप्नात पाहिलेली स्वर्गाची शिडी. शिडी! अहो, शिडी म्हणजे कोपऱ्यावरच्या सुतारीणबाईंच्या चादरी! लाल दोऱ्याच्या खुणा त्या, कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून आजी कोपऱ्यात घालायची. ते गठ्ठे लहानपणी घरोघर मीच पोचवलेत. दोन फुल्या आणि टिंब म्हणजे ठेकेदाराचे सदरे, कॉलर कडक.

कपड्यांच्याच खुणा, पण ते पान काही कपड्यांचं नव्हे. कपड्यांच्या वहीत खुणेपुढे नगांचा आकडा असतो, इथे एकही आकडा नाही. एकेका रविवारची एकेक ओळ. पहिल्या ओळीत आठच खुणा, आणि त्यात त्रिकोण, म्हणजे आजी स्वतः, आणि अगदी शेवटी अर्धा चंद्र. स्वतःचं लुगडं आणि स्वतःच्या पोरीचा फ्रॉक आजी गिऱ्हाइकीत कशाला लिहील? तिला अक्षरं चारच येत होती, तेव्हा तिने माणसं तिला येत होती तशी लिहिली. ही मंडळीची हजेरी आहे, आत्या! सात बायका आणि आठ वर्षांच्या तुम्ही. आणि दोन फुल्या-टिंब महाराज पहिल्यांदा उगवतात ते सतराव्या रविवारी. अठराव्याला गैरहजर! संस्थापक!

हे मी तिथेच उभं राहून सांगितलं. ते प्राध्यापक तिथेच बसले होते; आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला, मग म्हणाले की ही फार रंजक लोककथा आहे. हातमोजेबाई मात्र (त्यांच्याविषयी वर जे लिहिलं त्यातलं अर्धं मी मागे घेतो) उठल्या, दार लावून घेतलं आणि मला खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, तुम्ही घरचे, तुम्हाला चारच खुणा नक्की माहीत, तेवढ्यावर नोंद बदलता येत नाही. पण त्या खुणा स्वतः घातलेलं कुणी हयात असेल, त्याने पान वाचून दाखवलं, आम्ही आवाज मुद्रित केला आणि खाली सही घेतली, तर तो पक्का कागद झाला. मग प्राध्यापक असोत की चिटणीस, कुणाला तोंड उघडता येणार नाही.

तेव्हा बाकीची वही कुठे गेली, या विचाराने मी घरी येईपर्यंत चरफडत होतो. आजी गेल्यावर तुम्ही ती किती विश्वासाने मंडळीच्या कपाटात ठेवलीत, आणि वर्षात ती नाहीशी! तुम्ही तेव्हाच्या चिटणीसाला, म्हणजे आत्ताच्याच्या वडिलांना, भर सभेत चोर म्हणालात आणि उठून गेलात ते गेलात. ज्या कुणी ते काम केलं तो मूर्ख, तो दिवटा, माझ्या हाती लागता तर मी उभा सोलला असता.

असो. पत्र लांबलं. गुडघ्याला तेल लावत जा. भाचेसून आठवण काढते.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. मुख्य विषय राहिलाच. त्या खुणा घातलेलं हयात माणूस एकच आहे, आणि ते हे पत्र वाचतंय. येत्या गुरुवारी मी गाडी घेऊन दहाला येतो. तुमच्या ट्रंकेत तळाशी ती कापडाची पट्टी असेल, जिच्यावर आजीने तुम्हाला सगळ्या खुणा शिकवल्या, ती घ्या. चष्मा घ्या, यंत्राची बॅटरी घ्या. पेन घेऊ नका, बाई काढून घेतात. नाही म्हणू नका. मंडळीत पाऊल ठेवायचं नाही, नुसतं अभिलेखागारात.

ता. क. २. पाणी प्यायलात का? वही मी जाळली. मी सोळा वर्षांचा होतो. पाहुणे उपदेशक आले होते. उपासना झाल्यावर दुपारी अंगणात शेकोटी केली आणि म्हणाले, ज्याने त्याने जगाशी बांधणारी वस्तू आणून टाका. कुणी सिगारेटी टाकल्या, कुणी सिनेमाची मासिकं. माझ्याकडे टाकायला काही नव्हतं. सगळे बघत होते, मला लाज वाटली, म्हणून मी कपाटातली "कपड्यांची जुनी वही" उचलली. प्राध्यापक तिला स्वर्गाची लिपी समजला, मी धुण्याची यादी समजलो. तो निदान शिकलेला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही सभेत ओरडलात, तेव्हा मी तिसऱ्या बाकावर होतो. उठलो नाही. चिटणीसांचे वडील मरेपर्यंत चोर राहिले आणि तुम्ही घरी बसलात. सेहेचाळीस वर्षं मला हे सांगायला तोंड नव्हतं. पानाच्या मागे जुन्या पाळकांनी लिहिलंय: "राखेतून उचललं. पोराला रागावू नये." प्राध्यापक म्हणतात, पोर म्हणजे समस्त मानवजात.

ता. क. ३. तुम्ही मात्र रागवा. गुरुवारी बाई एक फॉर्म पुढे करतील. त्यात "कड जळण्याचं कारण" असा रकाना आहे, तो मी त्यांना कोरा ठेवायला सांगितलाय. तो तुम्हीच भरा, तुमच्या हाताने, आणि माझं नाव आडनावासकट लिहा. "एक भाऊ" म्हणून सोडून देऊ नका.