भिंगऱ्याला मारलेली हाक

बाबा,

काल आमच्या सोसायटीत चैत्रातलं हळदीकुंकू होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी बोलता बोलता माझ्या हातावर भिजवलेले हरभरे ठेवले. एरवी मी आधीच सांगते, मला हरभरा चालत नाही. घरच्यांना वाटतं, पोटाला सोसत नाही. तुझा जावई चेष्टेने म्हणतो, "लोक काशीला जाऊन एक वस्तू सोडतात, हिने मुलुंडात बसूनच सोडली." काल वहिनींचं लक्ष नव्हतं आणि माझंही. ते ओले, गार दाणे तळहातावर पडले आणि माझी मूठ जी मिटली ती घरी येईपर्यंत उघडलीच नाही. पन्ह्याचा पेला मी डाव्या हाताने घेतला म्हणून वहिनी रागावल्यासुद्धा. घरी आल्यावर दाणे चिमण्यांना टाकले, हात धुतले, देवापाशी दिवा लावला. आज दुपारची भांडी आवरून तुला लिहायला बसले आहे. कागद नातीच्या जुन्या वह्यांचे आहेत, पाठची बाजू कोरी आहे. तू असतास तर म्हणाला असतास, कोरी बाजू वाया कशाला घालवायची.

सांगायचं एवढंच आहे, की त्या जत्रेतल्या शर्यतीत भिंगऱ्या मध्येच आडवा का वळला. त्यातलं थोडं तुला ठाऊक होतं हे मला तू गेल्यावर कळलं. सगळं ठाऊक नव्हतं.

भिंगऱ्या आपल्याकडे आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तू मिठागरातून, आपल्या आगरातून, मिठाच्या गोणी गाडीने स्टेशनकडे आणायचास, त्या कामाची जोडी वेगळी होती. शर्यतीचा बैल हा तुझा स्वतःचा नाद. घाटावरच्या बाजारातून तू एक दांडगं वासरू घेऊन आलास, पांढरंशुभ्र, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखं. आई दारातच उभी राहिली. "हे कशाला?" तू म्हणालास, "विकणाऱ्यालाच त्याने गोठ्याच्या दारात दोनदा आपटला. मी म्हटलं, हाच पाहिजे." आई म्हणाली, "मग आता तुला आपटेल, तेव्हा मी पण म्हणीन, हाच पाहिजे." तू इतका हसलास की शेजारची माणसं बघायला आली. कोणी पाठीवर हात ठेवला की ते वासरू चारी पाय एकदम उचलून स्वतःभोवती फिरायचं, म्हणून भिंगऱ्या. तुझ्या ओळखीचे सगळे बैलवाले येऊन त्याच्यावर बसून गेले आणि एकजात सगळे पडले.

मी बसले ती तुझ्यामुळे. उन्हाळ्याआधीचे दिवस, आगराच्या कडेची जमीन मऊ, सकाळी तू मला उचललंस आणि सरळ त्याच्या पाठीवर ठेवलंस. "बाबा, मी पडेन ना!" "पडशील तं चिखलात पडशील, आभाळात नाय. गुडघे आवळ. वशिंडाला हात लाव, धरू नको. तो उडाला की तू पण उड, त्याच्याशी भांडू नको." मी पडले. उठले, तोंडात खारट चिखल. तू विचारतोस, "मीठ बरोबर आहे का, की अजून टाकू?" आणि परत उचलून बसवतोस. किती वेळा पडले ते मोजलं नाही. एका सकाळी तो उडाला आणि मीही उडाले, आणि खाली आले ती त्याच्या पाठीवरच. मग तो थांबला, मान वळवून माझ्या गुडघ्याला नाक लावलं. तू नुसता पागोट्याने तोंड पुसत उभा राहिलास. त्या दिवसापासून दोन-तीन वर्षं मी त्याला बिनलगामी फिरवलं. शाळेत जायच्या आधी तलावावर न्यायचे, पाण्यात त्याच्या पाठीवर बसून पलीकडे जायचे. नव्या बिल्डिंगींच्या गॅलऱ्यांतून बायका बघायच्या, एखादी ओरडायची, "अगं, पडशील!" मला वाटायचं, या पडल्या असतील कधी?

शर्यतीची तालीम तू तुझ्या पद्धतीने घेतलीस. बाकीचे पराणी, म्हणजे टोकदार काठी, टोचून बैल पळवायचे. तुझ्या हातात ती काठी मी कधी बघितली नाही. तू म्हणायचास, टोचल्याने बैल मागून पळतो, आपल्याला पुढून पळणारा पाहिजे. आगरापलीकडच्या कोरड्या मैदानाच्या टोकाला तू मला घमेलं देऊन उभी करायचास. घमेल्यात भिजवलेले हरभरे आणि गूळ. या टोकाला तू भिंगऱ्याला सोडायचास आणि मी हाक मारायचे, "आऽव, आऽव, ये रे ये." तो बाणासारखा सरळ माझ्याकडे. दर आठवड्याला तू अंतर वाढवलंस. पुढे त्याला दुसऱ्या बैलासोबत जोखडाला जुंपलंस, मागे हलका छकडा, छकड्यावर तू उभा, आणि टोकाला मी. आई कुरकुरायची, "पोरांच्या चहात दूध नाय आणि बैलाला अंडी!" पण हरभरे भिजत तीच घालायची, संध्याकाळी, देवाला दिवा लावायच्या आधी, न विसरता. शेवटी शेवटी छकडा माझ्याकडे येताना जमीन पायाखाली हलायची आणि मी डोळे न मिटता उभी राहायचे. तू लोकांना सांगायचास, "माझा बैल पराणीवर नाय, आवाजावर पळतो." कोणाच्या आवाजावर, ते सांगायचा नाहीस. मला ते ऐकायला आवडलं असतं.

तेराव्या वर्षी मी मोठी झाले. त्याच महिन्यात खाडीपलीकडच्या गावच्या जत्रेत आपली पहिली शर्यत ठरली. नवं जोखड आलं, अंगणात पाटावर ठेवून पूजा मांडली. मी नेहमीसारखी हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढे झाले तशी आत्या म्हणाली, "आता नको गो. आता ती जाणती झाली. जोखडाला बाईचा हात लागला तं जोडी फुटते." अंगणात पंधरा माणसं होती. मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तू हसशील, म्हणशील, हिच्या हातूनच तो वाढला. तू ताट माझ्या हातातून घेतलंस आणि म्हणालास, "आत जा."

नंतर दोन आठवडे मैदानावर मी नव्हते. आईने तुला विचारलं, "आता टोकाला कोण उभं राहणार?" तू म्हणालास, "कशाला पाहिजे कोण? तो शिकला आता." मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत ऐकत होते. संध्याकाळी गोठ्यातून भिंगऱ्या हंबरायचा, मी भांड्यामागून भांडं घासत राहायचे. तुला राग आला असेल माझ्या गप्प राहण्याचा, पण तूही काही विचारलं नाहीस. मला आज कळतं, तुला लाज वाटत होती. आत्यासमोर तुझं तोंड उघडलं नाही, आणि मग माझ्यासमोरही.

जत्रेला आम्ही बायका टेम्पोने गेलो. देवीची ओटी भरली, नारळ फोडला. शर्यतीचं मैदान म्हणजे कापलेली भातशेती, एका बाजूला उंच बांध. बायकांनी बांधावरूनच बघायचं असा दंडक. एका वेळी दोन छकडे सुटायचे. तुझी पाळी आली. मी बांधाच्या मधोमध उभी आहे. धूळ उठते, लोक ओरडतात, आणि भिंगऱ्या पुढे आहे, बाबा, चांगला दोन छकडे पुढे, मान लांब, शेपटी सरळ. तू छकड्यावर वाकून उभा, हात मोकळे. तसं मी तुला कधी बघितलं नव्हतं, कारण मी नेहमी समोरून बघायचे. बाजूला उभं राहिल्यावर कळलं, तू किती आनंदात असतोस.

आणि मी हाक मारली.

त्या कोलाहलात कोणाला ऐकू आली नाही. त्याला आली. त्याचा कान वळला, मग मान, मग सगळा तो. दुसरा बैल फरफटला, चाक बांधावर चढलं आणि छकडा उलटला. तू बाजूला फेकला गेलास आणि चाक तुझ्या मांडीवरून गेलं. जोखडाची दोरी तुटली होती. भिंगऱ्या बांध चढून सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला. बायका किंचाळत पळाल्या, मी उभीच.

पुढचं तुला माहीत आहे. पाच महिने तू खाटेवर. पाय आखूड झाला तो झालाच, मिठाच्या गोणी उचलणं संपलं, आणि तू नव्या बिल्डिंगीच्या गेटावर स्टूल टाकून बसायला लागलास. पायाचं तू कधी बोलला नाहीस. भेटायला येणारा प्रत्येक बैलवाला एकच बोलायचा, त्याने मात्र तू भिंतीकडे तोंड करायचास. "खोडीचा बैल सांभाळलास. पराणी वापरली असतीस तं हे झालं नसतं." कोणी म्हणालं, "याला बैलातलं काय कळत नाय." कोणी म्हणालं, "खाटकाला दे." तुझी सारी हयात एका वाक्यात मोडीत निघत होती, मी चहाचे कप घेऊन दारात उभी असायचे, आणि मला एकच गोष्ट सांगायची होती: बैल बरोबर होता, तुझी पद्धत बरोबर होती. मी नाही सांगितली. मुरबाडकडचा एक शेतकरी आला आणि भिंगऱ्याला घेऊन गेला. गल्लीच्या तोंडाशी भिंगऱ्याने मान वळवली. मी खिडकीतून मागे झाले, हाक तोंडातून निघेल म्हणून.

मी मॅट्रिक पास झाले तेव्हा तू गादीखालून एक फडकं काढलंस. आत भिंगऱ्याच्या गळ्यातली घंटा. "घे, तुझी आहे," म्हणालास. मला वाटलं, बक्षीस म्हणून देतोस. सासरी देवघरात घंटा नव्हती, नवीन घ्यायची गरज पडली नाही. रोज सकाळी पूजेला मी तीच वाजवते. तुझा आवाज तीस वर्षांत विसरत चालले आहे, तिचा तसाच आहे.

माझ्या लग्नाच्या पुढच्याच वर्षी तू गेलास. बाराव्याला तो मुरबाडचा शेतकरी आला होता, केस पांढरे झालेले. जेवण झाल्यावर हात धुताना मला म्हणाला, "तू मुलगी ना? बैल म्हातारा होऊन माझ्या दारात मेला, नांगराला कधी चुकला नाय. तुझ्या बापाने देतानाच सांगितलं होतं, याला शिक्षा करू नको. याला बोलावलं, म्हणून हा गेला." मी त्याच्या हातावर पाणी ओतत होते. तांब्या रिकामा झाला तरी ओततच राहिले. तो म्हणाला, "बस, पोरी, झालं."

म्हणजे तुला माहीत होतं. पाच महिने खाटेवर पडून, येणाऱ्या-जाणाऱ्याचं ऐकून घेऊन, तू माझं नाव घेतलं नाहीस. इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत आले, की तुलाही वाटलं असेल, पोर आनंदाने ओरडली, आपला बैल पुढे बघून कोण ओरडणार नाही? तू तसंच समजून गेला असशील, तर ती तुझी माया. गावदेवीसमोर दर मंगळवारी मी हेच सांगते, की चुकून झालं. देवी ऐकून घेते. पण तुझ्याशी मला खोटं बोलता येत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं? आपल्या घराच्या जागी सात मजले उभे आहेत, आगराकडे जायची वाट बंद झाली. देवघरात घंटेखाली घडी करून ठेवीन. घरात कोणी ती उचलत नाही, माझ्याशिवाय.

बाबा, जत्रेच्या सकाळी घरातून निघताना मी आईच्या पातेल्यातले भिजवलेले हरभरे मुठीत घेतले होते. टेम्पोत, देवीसमोर, बांधावर, मूठ मी उघडली नव्हती. लोक तुला उचलून टेम्पोत घालत होते तेव्हा तो माझ्या हातातून खात होता.